स्पॅनिश जेवणाच्या टेबलावरची अरबी

अंदलुस म्हटले की आपल्याकडे अल्हंब्रा आणि कुर्तुब्याची मशीद यांच्या आठवणीने हळहळ सुरू होते. मला इमारतींपेक्षा स्पॅनिश घरातले जेवणाचे टेबल अधिक बोलके वाटते.

चमच्याला स्पॅनिशमध्ये ‘कुचारा’, सुरीला ‘कुचियो’ आणि टेबलावरच्या कापडाला ‘मान्तेल’ म्हणतात. हे शब्द लॅटिनमधून आले. काटा म्हणजे ‘तेनेदोर’, शब्दशः धरणारा. पण कपाला ‘तासा’, पाण्याच्या सुरईला ‘हार्रा’, तेलाच्या झारीला ‘आल्कुसा’ आणि भांड्यांच्या कपाटाला ‘आलासेना’ म्हणतात. हे चारही अरबी. शेवटच्या दोघांत तर अरबीचा ‘अल’ जसाच्या तसा चिकटून राहिला आहे.

711 ते 1492 या काळात स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राज्ये होती. 822 मध्ये झिर्याब हा गवई कुर्तुब्याला आला. सोन्याचांदीच्या पेल्यांऐवजी काचेचे पेले आणि मेजावर कातडी आच्छादन ही वळणे 17व्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी त्याच्या नावावर मांडतो. सगळे एकट्या झिर्याबने केले नसेलही, पण दरबारी पंगतीला शिस्त होती हे खरे.

यातले बरेच शब्द मराठी माणसाला परके नाहीत. ‘तासा’चे मूळ फारसी ‘तश्त’, तेच आपले तस्त. ‘आल्कुसा’मागचा फारसी ‘कूझा’ म्हणजे आपला कुजा. ‘आलासेना’ आणि खजिना एकाच अरबी धातूचे. ‘हार्रा’चे मूळ अरबी ‘जर्रा’. तोच शब्द फ्रेंच-इंग्रजीमार्गे आपल्याकडे पाण्याचा ‘जार’ होऊन आला. आणि साखरदाणीतली ‘असुकार’? संस्कृत शर्करेपासून फारसी, अरबी असा प्रवास करून ती स्पेनला पोहोचली.

1567 मध्ये दुसऱ्या फेलिपेने ग्रानाडाच्या मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, अरबी बोलण्या-लिहिण्यास बंदी केली. 1609 ते 1614 दरम्यान सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढले. घरे, शेते, कबरी मागे राहिल्या. ज्यांनी हुकूम काढले, त्यांच्याही टेबलावर ‘तासा’ आणि ‘हार्रा’ मात्र होतेच. ते कुणी हद्दपार केले नाहीत, कारण तोवर ते परके आहेत हेच कुणाच्या लक्षात येत नव्हते.

आपल्याकडे भाषेतून अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याची भाषा होते, तेव्हा मला हे टेबल आठवते. माणसे हाकलता येतात. रोज ओठाला लागणारा पेला कोणत्या नावाने मागायचा, हे फर्मानाने ठरत नाही.