शंभर, हजार, अडीचशे: लिनक्सच्या टिकटिकीची गोष्ट

कॉलेजात असताना मी एक उद्योग केला होता. लिनक्स कर्नलमधली ‘एचझेड’ नावाची सेटिंग २५० वरून १००० केली, रात्रभर कर्नल कंपाइल केला आणि आता आपला प्रोजेक्ट चौपट वेगाने बिल्ड होणार म्हणून वाट बघत बसलो. काहीच झालं नाही! का नाही, हे समजायला जरा इतिहासात जावं लागतं.

समजा, गॅसवर दूध ठेवलंय. सारखं उठून बघाल तर हातातलं काम होत नाही. उशिरा उठाल तर दूध उतू जातं. टायमर इंटरप्ट म्हणजे हे उठून बघणं. दर टिकला प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, घड्याळ पुढे सरकवतो, कोणाची पाळी संपली ते बघतो.

१९९१ मध्ये लिनक्स पीसीवर आला तेव्हा सेकंदाला १०० टिक्स होत्या, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्ती आली आणि हा आकडा १००० झाला. टाइमआउट जास्त नेमके झाले. पण लॅपटॉप नुसता पडून असला तरी सेकंदाला हजारदा जागा होणार, मग बॅटरी टिकणार कशी?

शिवाय जुनं एक दुखणं बळावलं. ३२ बिटांच्या मशीनवर टिक्स मोजणारा ‘जिफीज’ काउंटर १०० च्या वेगाने सुमारे ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर यायचा. आता ५० दिवसांच्या आतच. त्यावरची युक्ती मला फार आवडते. काउंटर मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करतात, की बूटनंतर पाचच मिनिटांत तो शून्यावर यावा. बग असेल तर डेव्हलपरच्या टेबलावरच फुटू दे!

बराच वाद झाला आणि ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ मध्ये तडजोड झाली: १००, २५० किंवा १००० यातलं तुम्हीच निवडा, डिफॉल्ट २५०. खरं उत्तर मात्र २००७ मध्ये २.६.२१ ने दिलं: काम नसेल तर टिकच नको. २०१३ मध्ये ३.१० ने पुढचं पाऊल टाकलं. कोअरवर एकच काम चालू असेल, तर तिथली टिकही सेकंदाला एकवर आणता येऊ लागली.

आणि माझा प्रोजेक्ट? कंपाइल म्हणजे लांबलचक काम. त्यात मिलिसेकंदाची घाई कोणालाच नव्हती; मी फक्त व्यत्यय चौपट केले होते. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी बघा, आपल्या गॅसवर खरंच दूध आहे का!

भेटू पुढच्या भागात.