दोन मते, पण कोणाला? उदगीरचा प्रभाग आणि एक विसरलेली मतदानपद्धती

१/ उदगीर नगरपरिषदेच्या निवडणुकीत मतदार एका प्रभागातून साधारणतः दोन नगरसेवक निवडतो. मात्र ‘अ’ आणि ‘ब’ या जागांची लढत स्वतंत्र असते. त्यामुळे प्रभागात ज्या गटाची मते सर्वाधिक, त्याला दोन्ही जागा जिंकता येतात.

२/ बहुसदस्यीय मतदारसंघ आपल्याकडे नवा नव्हे. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात अशा मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य पण संघटित समाजाला याचा आधार होता. डॉ. आंबेडकर तेव्हा मुंबईतून विजयी झाले.

३/ उदगीर त्या काळी निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. हा अधिकार येथवर पोहोचलाच नाही.

४/ प्रौढ मताधिकार १९५२ मध्ये आला, पण नियमही बदलला. द्विसदस्यीय मतदारसंघात दोन्ही मते एकाला देण्यास मनाई झाली. उत्तर मुंबईत बाबासाहेब पराभूत झाले. राखीव जागा काँग्रेसच्या काजरोळकरांकडे गेली. कारणे अनेक होती. मते एकवटण्याची जुनी वाट मात्र बंद झाली होती. लोकसभा-विधानसभांचे द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

५/ स्कॉटलंडमध्ये २००७ पासून बहुसदस्यीय प्रभागांत मतदार पसंतीक्रम लिहितात. तेथे लहान गटालाही मतांच्या प्रमाणात वाटा मिळू शकतो.

६/ आपल्याकडे वाद होतो तो प्रभाग एकसदस्यीय असावा की चारसदस्यीय, यावर. मत मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रतिनिधित्व कोणाला मिळणार, हे त्यावरही ठरते.