नांगर, मासिक आणि ओळखीचा खर्च

आपण कोण, हे माणूस घरात, गावात आणि जातीत शिकतो असे आपण धरून चालतो. गेल्या सव्वाशे वर्षांच्या महाराष्ट्राकडे पाहिले, तर या शिकवणीत छापखान्याचा आणि कारखान्याचा वाटाही मोठा असल्याचे दिसते. १९०५ साली बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्यानंतर अंगावरचे धोतर कुठल्या गिरणीचे, दिव्याची काच कुठली, काडेपेटी कोणाची, हे प्रश्न निव्वळ खरेदीचे राहिले नाहीत. तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो लोकांकडून पैसा पैसा गोळा करून. वस्तू विकत घेणे म्हणजे आपली बाजू जाहीर करणे, हा धडा मराठी माणसाने तेव्हा गिरवला, आणि तो त्याला वर्तमानपत्रांनी दिला. मात्र ओळख घडवण्याच्या या कामाला पैसा लागतो. तो पैसा कोण घालते यावर कोणाची ओळख छापली जाईल आणि किती काळ टिकेल हे ठरते. १९२० साली सुरू झालेल्या दोन मराठी नियतकालिकांची हकिगत शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते.

पहिली हकिगत नांगरापासून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात भावासह सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनी बनवला. हा नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला, बलुत्याच्या देण्याघेण्यात बसलेला, बापजाद्यांपासून चालत आलेला. तो टाकून कारखान्याचा नांगर रानात उतरवायचा, म्हणजे सुताराशी असलेले नाते आणि आपल्या शेतीचे ज्ञान, दोन्ही बाजूला ठेवायचे. शेतकऱ्याची नाराजी अडाणीपणाची नव्हती; त्याची सगळी व्यवस्थाच त्या लाकडात गुंतलेली होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तिथे वसाहत उभी राहिली. काही वर्षांतच त्या माळाला आणि स्टेशनालाही किर्लोस्करवाडी म्हणू लागले. कऱ्हाडजवळ ओगल्यांच्या काचकारखान्याभोवती अशीच ओगलेवाडी वसली आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला. गावाची ओळख ग्रामदैवतावरून किंवा वतनदारावरून सांगण्याची रीत असलेल्या प्रदेशात, मालावर कोरलेले नाव आता पत्त्यात लिहिले जाऊ लागले.

नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी आणि एजंटाशी बोलत राहणे भाग होते. त्यासाठी १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, नजर आणि लेखणी दोन्ही तयार असलेले गृहस्थ होते. कारखान्याच्या बातम्या देणारे हे पत्रक हळूहळू मासिक झाले, नावातली ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली. उद्योग, व्यायाम, स्वच्छता, विज्ञान, विवाह, शिक्षण यांवर ही मासिके लिहीत गेली. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’मधून वाचकांसमोर आले. घरात मासिक येते, मुलगी ‘स्त्री’ वाचते, मुलगा नोकरीपेक्षा धंद्याचा विचार करतो, हे एका विशिष्ट मराठी घराचे लक्षण ठरले. त्या घराला स्वतःबद्दल बोलायला शब्द हवे होते: उद्यमी, प्रगत, सुधारक. ते शब्द त्याला दरमहा टपालाने मिळत गेले. जे यंत्र विकत होते तेच यंत्रयुगाचा माणूसही घडवत होते, आणि या दोन कामांत विसंगती नव्हती म्हणूनच दोन्ही नीट झाली. नांगराच्या नफ्याचा आणि नावाचा आधार पाठीशी असल्यामुळे मासिकाला पाय रोवायला अवधी मिळाला.

दुसरी हकिगतही त्याच वर्षाची: ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या या पाक्षिकाला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. शीर्षभागी तुकारामांचा अभंग होता. ज्यांना देवळाबाहेर ठेवले जात होते त्यांनी संतांच्या वाणीवरचा आपला हक्क मुखपृष्ठावरच मांडला होता. मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, असे पहिल्याच अंकात स्पष्ट म्हटले होते. त्याचा पुरावा हाताशीच होता. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरात म्हणजे पैसे मोजणाऱ्याला मिळणारी जागा, हा बाजाराचा साधा नियमसुद्धा इथे जातीपुढे लटका पडला. आंबेडकर शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडला. १९२७ साली त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढला, त्याच्या शीर्षभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घातल्या, आणि हाताखाली माणसे ठेवायला पैसे नसल्याने बहुतेक रकाने स्वतः लिहिले. तोही १९२९ साली बंद झाला. या पत्रांना वाचकांची ओढ कमी नव्हती. त्यांच्यामागे कारखाना नव्हता, जाहिरातदार नव्हते, आणि वर्गणी द्यायची इच्छा असलेल्या माणसाच्या खिशात वर्गणीपुरते पैसे नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मासिक किंवा मालाचे नाव कोणाला घडवत नाही. लोक आधीच बदलत असतात आणि शहाणा व्यापारी त्या बदलाला नाव देतो. यात तथ्य आहे. शाळा, रेल्वे आणि नोकऱ्यांनी मराठी मध्यमवर्ग आधीच हलवला होता. ‘किर्लोस्कर’चा वाचक कोऱ्या पाटीचा नव्हता. पण नांगराच्या बाबतीत मागणी आधी नव्हतीच. ती शिवारात नांगरट करून दाखवत आणि लिहीत राहून तयार करावी लागली. शिवाय मनात चुळबुळणारा विचार आणि उघड सांगता येणारी ओळख यांत बरेच अंतर असते. आपल्यासारखे आणखी हजारो आहेत हे छापील पानावर दिसले, की माणूस ते अंतर ओलांडतो. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांनी हेच काम मालाच्या आधाराशिवाय केले. ‘बहिष्कृत’ हा समाजाने मारलेला शिक्का त्यांनी स्वतःच्या पत्राचे नाव म्हणून उचलला आणि त्याला मागणीचे बळ दिले. ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुमारे अडीच वर्षे चालले, पण त्याने जोडलेली माणसे विखुरली नाहीत: १९३० साली ‘जनता’ आले आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: किर्लोस्करांची मासिके जातिभेदाविरुद्धही लिहीत होती, मग दोन्ही हकिगती एकमेकींसमोर का उभ्या करायच्या? त्या मासिकांचे पुरोगामित्व खरे होते आणि मराठी समाज त्यांचा ऋणी आहे. पण अस्पृश्यतेबद्दल इतरांनी लिहिणे आणि अस्पृश्य ठरवलेल्यांनी स्वतः लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सुधारणा करणाऱ्याची ओळख घडते, दुसऱ्यात सुधारणा मागणाऱ्याची. पहिली ओळख दीर्घकाळ छापली गेली, कारण तिच्या वाचकाकडे क्रयशक्ती होती. दुसरी वारंवार खंडित झाली. पुढे आपण त्या काळाचा ‘मराठी माणूस’ आठवू लागलो, तेव्हा ज्याची छापील पाने अधिक उरली तोच आपल्याला सर्वांचा प्रतिनिधी वाटला. क्रयशक्ती असलेल्याची ओळख ही साऱ्या समाजाची ओळख म्हणून मिरवते, ती अशी.

आज नांगराच्या जागी मोबाइल आहे आणि मासिकाच्या जागी न थांबता सरकणारा पडदा आहे. त्यावर दिसणारे मराठीपण बहुतांशी जाहिरातदाराच्या पैशावर चालते. त्यात वाईट माणसेच आहेत असे नाही. किर्लोस्करांचे उदाहरण सांगते की व्यापारी सचोटीने समाज पुढे नेऊ शकतो. पण ज्यांच्याकडे विकायला माल नाही आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, त्यांचे म्हणणे या व्यवहारात आपोआप येत नाही. ते वाचकाच्या वर्गणीवरच टिकते. ‘बहिष्कृत भारत’ला आणखी काही हजार वर्गणीदार मिळाले असते, तर आपला इतिहास अधिक पूर्ण लिहिला गेला असता. आजही लहान गावांतून, वस्त्यांतून, चळवळींतून मराठी नियतकालिके निघतात आणि पैशाअभावी बंद पडतात. आपली ओळख सर्वस्वी बाजाराने ठरवू नये असे ज्याला मनापासून वाटते, त्याने त्यांपैकी एकाची तरी वर्षाची वर्गणी भरावी.