साष्टींतील क्रूस : एका चिन्हाच्या दोन कथा

वांद्र्याहून अंधेरीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या उतारूंना सांताक्रूझ हें नांव दिवसांतून किती वेळां तरी ऐकूं येतें. पोर्तुगीज भाषेंत ‘सांता’ म्हणजे पवित्र आणि ‘क्रूझ’ म्हणजे क्रूस. परंतु हा अर्थ मनांत आणून त्या स्टेशनावर उतरणारा विरळाच. नांव जिभेवर रुळलें म्हणजे त्यांतील अर्थ मावळतो. डोळ्यांपुढील खुणांचेंही तसेंच होतें. वांद्रें, मरोळ, बोरिवली, गोराई येथील जुन्या वस्त्यांतून हिंडतांना एखाद्या तिठ्यावर किंवा घरांच्या ओळीच्या टोंकाशीं चौथऱ्यावरचा क्रूस दिसतो. त्यावर झेंडूची माळ असते, सायंकाळीं पुढें मेणबत्ती लागते. येणारे-जाणारे शेजारधर्मानें त्याला मान देऊन वळसा घालतात. परंतु कांहीं जुन्या क्रुसांवर कोंबडा कशासाठीं कोरला, शिडी कशासाठीं, तळाशीं माणसाची कवटी कशासाठीं, हें विचारणारे थोडेच.

कोणत्याही धर्मचिन्हाला दोन कथा असतात. पहिली ग्रंथांतली. दुसरी, तें चिन्ह जेथें उभें राहिलें त्या जागेची. तें कोणीं उभारलें, कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या सत्तेखालीं, हें ती सांगते. साष्टी बेटावरील, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांतील, क्रूस नीट समजावयाचे तर या दोन्ही कथा एकत्र वाचाव्या लागतात. कारण येथें त्या नेहमींच एकमेकींशीं जुळलेल्या नाहींत.

ग्रंथांतली कथा अपमानाची आहे. रोमन साम्राज्यांत क्रूस हें पूजेचें चिन्ह नव्हतें, तें देहान्त शिक्षेचें साधन होतें. आणि तेंही मुख्यतः गुलाम व बंडखोर यांच्यासाठीं राखलेलें. म्हणून पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांनीं क्रूस फारसा मिरविला नाहीं. रोमच्या भुयारी दफनभूमींत जीं त्यांचीं चित्रें आढळतात, त्यांत गलबताचा नांगर आहे, खांद्यावर कोंकरूं घेतलेला मेंढपाळ आहे, आणि मासा आहे. माशाला ग्रीक भाषेंत ‘इख्थुस’ म्हणतात. आणि ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें जुळविलीं म्हणजे हाच शब्द तयार होतो. इ. स. ३१३ मध्यें सम्राट कॉन्स्टंटाइन यानें ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. पुढें क्रुसावर चढविण्याची शिक्षा बंद पडली, ती डोळ्यांनीं पाहिलेल्या पिढ्या गेल्या, आणि मग वधस्तंभाची ती आकृति राजांच्या मुगुटांवर व मंदिरांच्या शिखरांवर चढली.

ही कथा दगडांत वाचावयाची असेल तर वांद्र्यास संत आंद्रेयाच्या चर्चच्या आवारांत जावें. तेथें एकाच शिळेंतून घडविलेला सुमारें १७ फूट उंचीचा क्रूस उभा आहे. तो पूर्वीं जेझुइट पाद्र्यांच्या संत अॅन विद्यालयाचा होता. ख्रिस्ताच्या यातनांचीं चिन्हें त्याच्या अंगावर कोरलेलीं आहेत. अशा क्रुसांना यातनांचे क्रूस म्हणतात. अक्षरओळख नसलेल्या भाविकानें खालपासून वरपर्यंत नजर फिरविली कीं सगळी कथा त्याच्या मनांत जागी व्हावी, अशी त्यांची योजना असते.

या परंपरेंतील चिन्हांचा क्रम असा लावतां येतो. थैली किंवा नाणीं असतील तर तीं चांदीच्या तीस नाण्यांचीं. तेवढ्या मोलावर यहूदा या शिष्यानें आपला गुरु शत्रूंच्या हवालीं केला. कोंबडा पेत्राची आठवण देतो. ‘सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाहीं,’ अशी फुशारकी त्यानें मारली होती. परंतु त्याच रात्रीं, कोंबडा आरवण्यापूर्वीं, ‘या माणसाला मी ओळखत नाहीं,’ असें त्यानें तीन वेळां सांगितलें, आणि नंतर तो बाहेर जाऊन ढळढळां रडला. विश्वासघात करणारा शिष्य आणि भीतीनें कच खाणारा शिष्य, दोघांचींही चिन्हें त्या क्रुसावर कोरलीं गेलीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. खांब आणि चाबूक हे फटक्यांचे साक्षी. कांट्यांचा मुगुट हा शिपायांनीं केलेल्या थट्टेचा. फांसे आणि झगा ही जोडी सांगते कीं, मरणाऱ्याच्या बिनशिवणीच्या वस्त्रासाठीं पहारेकऱ्यांनीं चिठ्ठ्या टाकल्या. काठीच्या टोंकावरील स्पंज आंबेचा, आणि भाला कुशींत खुपसलेला. सूर्य व चंद्र यांचें कारण असें कीं, भर दुपारीं तीन तास अंधार पडला असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे.

सर्वच चिन्हें मात्र ग्रंथांतून आलेलीं नाहींत. शिडीचा उल्लेख शुभवर्तमानांत कोठेंही नाहीं. प्रेत खालीं उतरविण्यास शिडी लागलीच असेल, या भाविकांच्या तर्कानें ती क्रुसाला टेकून उभी राहिली. तळाच्या कवटीचा आधार अर्धा ग्रंथाचा व अर्धा दंतकथेचा आहे. वधाच्या जागेचें नांव गुलगुथा, म्हणजे कवटीचें ठिकाण. तेथेंच आद्य पुरुष आदाम याला पुरलें होतें, अशी कथा पुढें रूढ झाली. आणि आदामाच्या अपराधाचें प्रायश्चित्त त्याच्याच कबरीवर झालें, असा अर्थ त्या कवटींत पाहिला जाऊं लागला. माथ्यावरील चार रोमन अक्षरें म्हणजे ‘नासरेथचा येशू, यहूद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें होत. हा आरोपाचा फलक पिलात या रोमन सुभेदारानें हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत लिहविला, असें योहान सांगतो. थोडक्यांत, राजसत्तेनें ठार मारलेल्या एका निःशस्त्र माणसाची ही कथा आहे.

आतां दुसरी कथा. इ. स. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना तहानें दिला, आणि साष्टींत क्रूस आला तो राजसत्तेच्या हातांतून. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथें याचा पुरावा खडकांतच आहे. तेथील शैव लेणें सहाव्या शतकाच्या सुमाराचें. त्यांत नृत्य करणाऱ्या शिवाचें शिल्प आहे. सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रान्सिस्कन संन्यासी आंतोनियु द पोर्तु याच्या पुढाकारानें या लेण्याचें ख्रिस्तमंदिर झालें आणि वरच्या टेकाडावर मठाची इमारत उभी राहिली. तिचे भग्नावशेष अद्याप दिसतात, आणि लेण्याच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूसही दिसतो. जी आकृति रोममध्यें पराजिताच्या अंगावर लादली गेली, ती येथें जेत्यानें दुसऱ्याच्या देवालयावर कोरली. ही विसंगति झांकून इतिहास सांगतां येत नाहीं.

परंतु त्याच काळीं दुसरी वाटही निघाली होती, आणि ती भाषेची होती. इ. स. १५७९ मध्यें थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. गोव्याची साष्टी निराळी व मुंबईची साष्टी निराळी. पण त्या साष्टींत राहून या परक्या पुरुषानें जें केलें तें सर्व मराठी भाषेच्या इतिहासांत जमा आहे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यानें ओवीछंदांत गाइली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. जे लोक नव्यानें ख्रिस्ती झाले, त्यांना पुराण ऐकण्याची संवय होती. ती न मोडतां स्टीफन्सनें तींतच नवी कथा घातली. पिलाताच्या फलकावरील तीन भाषांच्या जोडीला येथें मराठी आली.

उत्तरेकडील साष्टींतही अशी सांगड दिसते. वांद्र्याचें संत आंद्रेयाचें चर्च जेझुइटांनीं इ. स. १५७५ मध्यें स्थापिलें. आंद्रेया हा पेत्राचा भाऊ. दोघेही गालील सरोवरावर जाळीं टाकणारे कोळी. ‘माझ्यामागें या, मी तुम्हांला माणसें धरणारे करीन,’ या बोलावण्यासरशीं त्यांनीं जाळीं सोडलीं, अशी कथा आहे. आंद्रेयाचें चिन्ह तिरपा क्रूस. दोन लांकडें फुलीसारखीं एकमेकांवर टाकलेलीं. समुद्रकांठच्या कोळी वस्तींत हा संत परका वाटण्याचें कारण नव्हतें.

इ. स. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली आणि १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसई जिंकली. त्या धामधुमींत वांद्र्याचें संत अॅन विद्यालय उध्वस्त झालें. त्याचा क्रूस तेवढा वांचला. मंडपेश्वरीं पुनः शिवाची पूजा सुरू झाली. वसईकडील चर्चच्या घंटा विजयाचें चिन्ह म्हणून देशावर गेल्या व देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हें साल अद्याप वाचतां येतें. म्हणजे चिन्हें दोन्ही बाजूंनीं जिंकून नेलीं गेलीं. मात्र येथील कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती कुटुंबें कोठें गेलीं नाहींत. त्यांच्या पाठीशीं आतां कोणी राजा नव्हता, इ. स. १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांकडे गेली तरी तो राजा त्यांच्या पंथाचा नव्हता. क्रूस टिकविण्याचें काम गांवकऱ्यांवर आलें, आणि येथूनच या चिन्हाच्या दोन कथा एकमेकींजवळ येऊं लागल्या.

अंधेरीच्या पूर्वेस मरोळच्या बाजूला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें जेझुइटांनीं बांधलेलें जुनें चर्च आहे. त्याचें बांधकाम १५७९ चें, म्हणजे स्टीफन्स गोव्यास उतरला त्याच वर्षाचें. योहान हा वाळवंटांत राहणारा, उंटाच्या केंसांचें वस्त्र नेसणारा संन्यासी. यार्देन नदींत त्याच्या हातून ख्रिस्तानें स्नान घेतलें, तेव्हां आत्मा कबुतराच्या रूपानें उतरला. म्हणून पाणी, शिंपला व कबुतर हीं बाप्तिस्म्याचीं चिन्हें झालीं. ‘पाहा, देवाचें कोंकरूं,’ असें ख्रिस्ताकडे बोट दाखवून म्हणणारा तोच. म्हणून त्याच्या चित्रांत कोंकरूं असतें. सुमारें १८४० मध्यें त्या भागांत साथ आली, वस्ती उठली, आणि चर्च ओस पडलें. लोकांनीं मरोळ गांवांत नवें चर्च उभें केलें, तेव्हां जुन्याचे खांब, मूर्ति आणि बाप्तिस्म्याचें दगडी कुंड बरोबर नेलें. ज्या कुंडांतील पाण्यानें पूर्वजांना नांवें मिळालीं तेंच नातवंडांसाठीं पाहिजे, ही त्यामागची भावना उघड आहे. जुन्या वास्तूचे अवशेष आज निर्यात उद्योगांच्या सीप्झ वसाहतीच्या कुंपणाआड उभे आहेत.

पुढें इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. मांडवी भागांत तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोमंतकीय ख्रिस्ती होते. लोक शहर सोडून पळाले आणि साथ उपनगरांतही पोंचली. त्या दिवसांत वांद्र्यापासून गिरगांवच्या खोताच्या वाडीपर्यंत वाड्यावाड्यांतून क्रूस उभे राहिले. हे क्रूस कोणा सुभेदारानें उभारले नव्हते. शेजाऱ्यांनीं वर्गणी केली, चौथरा बांधला, आणि संध्याकाळीं चर्चपर्यंत न जातां तेथेंच जपमाळ म्हटली. कित्येकांवर घरच्या वांचलेल्या माणसासाठीं कृतज्ञता आहे, कित्येकांवर न वांचलेल्यांची आठवण. राजसत्तेच्या हातांतून या बेटावर उतरलेलें हें चिन्ह साडेतीन शतकांनीं पुनः दुःखी माणसांच्या हातीं आलें. म्हणजे ग्रंथांत ज्यांचें होतें त्यांच्याकडेच.

हल्लीं यांतील कांहीं क्रूस रस्तारुंदीच्या रेषेंत येतात आणि त्यांच्या जागेबद्दल वाद होतात. वाद कायद्याचे असोत वा वाहतुकीचे, निर्णय करणाऱ्यांना आणि शेजारच्या बिऱ्हाडांना तो दगड वाचतां आला पाहिजे. कोंबड्यांत पेत्राचा पश्चात्ताप आहे, फांशांत पहारेकऱ्यांची बेपर्वाई आहे, आणि चौथऱ्यावरील सालांत एका वाडीनें मोजलेलीं आपलीं माणसें आहेत. मंडपेश्वरच्या भिंतीवरील क्रूस आणि प्लेगच्या वर्षींचा क्रूस यांची आकृति एकच; पण त्या दोहोंतील अंतर ज्याला कळलें, त्याला साष्टीच्या चार शतकांचा इतिहास कळला. सांताक्रूझ हें नांव पुढच्या वेळीं कानीं पडेल तेव्हां तें अंतर आठवावें.