वेशीवरचें टपाल

पत्र पेटींत पडलें कीं तें पोंचणार, आणि पत्ता चुकला असेल तर शेरा मारून परत तरी येणार, या भरंवशावर आपल्या कित्येक पिढ्यांनीं सुखदुःखाच्या वार्ता एकमेकांस कळविल्या. आज या कामाचा मोठा भार ई-मेलनें उचलला आहे. नोकरीचा अर्ज, बँकेचा हिशेब, परदेशीं असलेल्या मुलाची खुशाली, सारें याच वाटेनें येतें. परंतु या वाटेवर एक चौकी असते, तिची ओळख फार थोड्यांस असते. कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या पत्त्यावर आलेलें प्रत्येक पत्र प्रथम या चौकीवर थांबतें, आणि बाहेर जाणारें पत्रही तिच्याच हातून जातें. तंत्रज्ञ तिला गेटवे सर्व्हर म्हणतात. आपण तिला गांवाची वेस म्हणूं.

वेशीवरच्या जागल्याला कामें दोन. आलेल्याला मुक्कामीं पोंचवावयाचें, आणि चोराला आंत येऊं द्यावयाचें नाहीं. ऐकतांना हीं दोन्ही कामें एकाच स्वभावाचीं वाटतात. परंतु चोराच्या भीतीनें वेस फार आवळली तर सज्जनही बाहेर राहतो, आणि सज्जनासाठीं ती सताड उघडी ठेवली तर चोर आंत शिरतो. ई-मेलचा इतिहास हा बहुतांशीं या एका पेंचाचा इतिहास आहे, आणि तोच आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास जाळ्यामार्फत पत्र पाठविण्याची सोय अमेरिकेंत १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं केली. त्या वेळचें आर्पानेट हें जाळें लहान होतें. पुढें अशीं जाळीं अनेक झालीं, आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा निराळी. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत एका संशोधन-प्रकल्पाच्या संगणकाला आर्पानेटची जोडणी होती, आणि त्यावर आपल्यालाही जागा मिळावी म्हणून इतरांची रीघ लागली. एरिक ऑलमन यांच्या ध्यानांत आलें कीं, या लोकांना हवीं आहेत तीं केवळ पत्रें. तेव्हां एका जाळ्यांतील पत्र दुसऱ्या जाळ्यांत नेऊन सोडणारी आज्ञावली त्यांनीं लिहिली. तिचेंच सुधारलेलें रूप, सेंडमेल, १९८३ सालीं बर्कलेच्या युनिक्स प्रणालीबरोबर ठिकठिकाणीं गेलें.

आपल्या देशांतही आरंभ पत्रांपासूनच झाला. इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें १९८६ सालीं अर्नेट हें शैक्षणिक जाळें उभारण्यास घेतलें, आणि त्यावर प्रथम टेलिफोनच्या तारेवरून पत्रांचीच देवघेव होत असे. १९९२ सालीं मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेंतून अमेरिकेकडे, सेकंदाला ६४ हजार बिट वाहून नेणारी जोडणी सुरू झाली. आपल्या विद्वानांची परदेशची वेस ती ही.

वेशींनीं एकमेकींशीं कोणत्या शब्दांत बोलावें, याचे नियम जॉन पोस्टेल यांनीं ऑगस्ट १९८२ मध्यें प्रसिद्ध केले. संभाषण अगदीं साधें आहे. पत्र घेऊन आलेला सर्व्हर आपलें नांव सांगतो. पत्र कोणाकडून आलें तें सांगतो. कोणाला द्यावयाचें तें सांगतो. आणि शेवटीं मजकूर हवालीं करतो. समोरचा सर्व्हर '२५०' हा आंकडा उच्चारतो, म्हणजे पत्र स्वीकारलें. या आंकड्याचें मोल फार मोठें आहे. ऑक्टोबर १९८९ च्या नियमांत स्पष्टच लिहिलें गेलें कीं, एकदां स्वीकारलेल्या पत्राची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. मागाहून यंत्र बंद पडलें, ही सबब चालणार नाहीं. पत्र पोंचवा, नाहींतर पाठविणाऱ्यास तसें कळवा. सारी व्यवस्था या वचनावर उभी आहे.

मात्र आलेल्यानें सांगितलेलें नांव खरें कीं खोटें, हें पारखण्याची सोय मूळ नियमांत नव्हती. शिवाय कोणींही कोणाच्याही वेशीवर परगांवचें पत्र आणून द्यावें आणि त्यानें तें पुढें पोंचवावें, असा शेजारधर्म रूढ होता. जोडण्या तुटपुंज्या होत्या, म्हणून तो आवश्यकही होता.

या विश्वासाला मोठा तडा गेला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजीं. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेली, आपोआप पसरणारी एक आज्ञावली हजारों संगणकांत शिरली. तिच्या अनेक वाटांपैकीं एक वाट सेंडमेलमधून जात होती. दोष शोधण्याच्या सोयीसाठीं ठेवलेली 'डीबग' ही आज्ञा पुष्कळ ठिकाणीं चालूच राहिली होती, आणि तिच्या आधारें पत्र माणसाऐवजीं थेट यंत्राच्याच हातीं हुकूम म्हणून देतां येत असे. बाधित संगणकांचा त्या वेळचा अंदाज सुमारें ६,००० होता. गवंड्यानें कामापुरती ठेवलेली खिडकी घर पुरें झाल्यावर बुजविली नाहीं, तर चोराला भिंत फोडावी लागत नाहीं. डिसेंबर १९९८ मध्यें वित्से व्हेनेमा यांची पोस्टफिक्स ही आज्ञावली बाहेर आली, तिच्या रचनेंत हा धडा दिसतो. सर्व किल्ल्या एकाच कारभाऱ्याच्या कमरेला न लावतां, तिनें काम अनेक लहान सेवकांत वांटलें आणि प्रत्येकास नेमका हवा तेवढाच अधिकार दिला.

दुसरें संकट व्यापाऱ्यांकडून आलें. ३ मे १९७८ रोजीं एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्यानें आर्पानेटवरील सुमारें ४०० जणांस एकदम जाहिरात पाठविली, तेव्हां तिची केवढी चर्चा झाली! १९९० नंतरच्या दशकांत अशा जाहिरातींचा पूर लोटला. जाहिरातदार एकच पत्र आणि हजारों पत्ते कोणा अनोळखी संस्थेच्या वेशीवर टाकून निघून जाई. पुढील वाहतुकीचा बोजा मात्र त्या बिचाऱ्या संस्थेवर पडे. अशा रीतीनें शेजारधर्मच लुटारूंचें वाहन बनला. १९९७ सालीं पॉल व्हिक्सी यांनीं उपद्रवी पत्त्यांची एक काळी यादी चालू केली. १९९८ सालीं सेंडमेलनें परक्याचें पत्र परक्याकडे नेण्याची मुभा मुळांतच बंद करून टाकली. ज्यास ती हवी त्यानें ती मुद्दाम उघडावी. त्याच वर्षाच्या अखेरीस घरच्या माणसांसाठीं ५८७ क्रमांकाचें वेगळें दार नेमलें गेलें, आणि पुढच्या वर्षीं पासवर्ड विचारण्याचे नियम ठरले. २५ क्रमांकाचें जुनें दार परगांवच्या सर्व्हरांसाठीं राहिलें. आजही गेटवेची मांडणी करणाऱ्यानें प्रथम हाच प्रश्न विचारावयाचा असतो कीं, येथून बाहेरगांवीं पत्र धाडण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे?

तरीही तोतयेगिरी उरलीच. खोट्या नांवानें आलेलें पत्र वेशीनें आधीं '२५०' म्हणून घेतलें आणि मागाहून नियमाप्रमाणें परत केलें, तर तें ज्याचें नांव चोरलें गेलें त्या निरपराध माणसाच्या दारांत जाऊन पडतें. तें परत न करतां मुकाट्यानें गिळलें, तर वचनभंग होतो. कारण त्यांत एखादें खरें पत्रही असूं शकतें आणि त्याच्या धन्यास कांहींच कळत नाहीं. यांतून निघालेला मार्ग शहाणपणाचा आहे. पारख करावयाची ती दारांतच, होकार देण्यापूर्वीं, करावी. नकोसें पत्र तेथेंच '५५०' म्हणून नाकारलें, तर आणणाऱ्या प्रामाणिक सर्व्हरवर आपल्या धन्यास कळविण्याचें कर्तव्य पडतें. संशय असेल तर 'थोड्या वेळानें या' असें सांगतां येतें. खरा टपालवाला पुन्हां येतो, आणि त्यानें चार-पांच दिवस तरी खेपा घालाव्या, अशी नियमांचीच अपेक्षा आहे. लुटारूला बहुधा तेवढा धीर नसतो.

नांवाची पारख करण्याच्या तीन कसोट्या पुढें आल्या. एस.पी.एफ. ही २००६ ची. तींत संस्था आपलीं पत्रें कोणते सर्व्हर आणतील याची यादी जाहीर करते. डी.के.आय.एम. ही २००७ ची. ती पत्रावर गणिती मोहोर उमटविते. डीमार्क हिचे नियम २०१५ सालीं छापले गेले. या कसोट्यांस न उतरलेलें पत्र स्वीकारावें, बाजूस ठेवावें कीं नाकारावें, याविषयींची संस्थेची इच्छा ती जाहीर करते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनीं मोठ्या संख्येनें पत्रें धाडणाऱ्यांवर या कसोट्या बंधनकारक केल्या. वाटेवर मजकूर कोणीं वाचूं नये म्हणून १९९९ सालापासून सांकेतिक लेखनाची सोयही आहे. तथापि पलीकडच्या वेशीला ती येत नसेल, तर पुष्कळदां पत्र उघडेंच पाठविलें जातें, कारण न पोंचण्यापेक्षां उघडें पोंचलेलें बरें, असा निवाडा पूर्वसूरींनीं केला.

प्रत्येक कुलुपाची किंमत कोणीतरी मोजतोच. निवृत्त प्राध्यापकाचें टपाल महाविद्यालयाच्या जुन्या पत्त्यावरून घरच्या पत्त्याकडे आपोआप वळविलेलें असेल, तर एस.पी.एफ.च्या यादींत त्या मधल्या सर्व्हरचें नांव सांपडत नाहीं आणि सच्चें पत्र तोतयें ठरूं शकतें. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या लहानशा संस्थेस बड्या वेशींवर आपली ओळख पुनःपुन्हां पटवावी लागते. एकेकाळीं जें कोणालाही करतां येई, त्यास आतां जाणत्या माणसाची गरज लागते.

म्हणून गेटवेच्या कारभाऱ्यानें किती चोर परतविले, एवढ्यावरच त्याची परीक्षा करूं नये. नाकारलेल्या पत्रांच्या नोंदी तो वाचतो काय, चुकून अडकलेलें पत्र सोडवितो काय, आणि '२५०' म्हटल्यावर तें वचन पाळतो काय, हेंही पाहिलें पाहिजे. नोकरीचें बोलावणें संशयास्पद म्हणून बाजूस पडून राहिलें, तर त्या उमेदवाराच्या दृष्टीनें तें कधीं आलेंच नाहीं. वेस बंद ठेवणें सोपें आहे आणि उघडी टाकणें त्याहूनही सोपें आहे. येणाऱ्या प्रत्येकास दारांतच खरें उत्तर देणें, हें जागल्याचें काम आहे.