तळटीप १४ : डुकराच्या बहुक्षम मूळ पेशी

१४. बहुक्षम मूळ पेशी : शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या व प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी. उंदराच्या भ्रूणातून त्या १९८१ साली मिळाल्या. डुक्कर, गाय, मेंढी यांच्या बाबतीत मात्र तीच कृती वर्षानुवर्षे फसत राहिली. डुकराचा भ्रूण गर्भाशयात रुजण्याआधी काही मिलिमीटरच्या गोळ्यापासून लांबलचक दोऱ्यासारखा होतो. त्याची वाढ उंदरासारखी नसते आणि त्याच्या पेशींच्या गरजाही वेगळ्या. २००६ साली शिन्या यामानाका यांनी चार जनुके घालून उंदराच्या साध्या पेशींना बहुक्षम केले. २००९ साली चीन व अमेरिकेतील गटांनी ही पद्धत डुकरावर वापरली. मूळ मजकुरातील उल्लेख अशा रीतीने बहुक्षम केलेल्या डुकराच्या पेशींचा आहे. विभाजन थांबवलेल्या उंदराच्या पेशींच्या थरावर त्यांचे सपाट, दाट पुंजके वाढतात. बाहेरून घातलेली जनुके चालू असेपर्यंतच त्यांची क्षमता बहुधा टिके, ही मोठी उणीव होती. गाईच्या भ्रूणापासून टिकाऊ पेशी २०१८ साली, डुकराच्या भ्रूणापासून २०१९ साली मिळाल्या. डुकराचे हृदय व त्वचा माणसाशी बरीच मिळतीजुळती असल्याने, नवे पेशी-उपचार आधी पारखून घेण्यासाठी या पेशी मोलाच्या आहेत. — संपा.