निवृत्तिवय-वाद (अनुदानित खाजगी शाळा)
महाराष्ट्रातील अनुदानित खाजगी शाळांमधील शिक्षकांच्या सेवासमाप्तीच्या वयावरून उद्भवणारे न्यायालयीन तंटे. सेवाशर्ती 1977 च्या अधिनियमाने व 1981 च्या नियमावलीने ठरतात. शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो, शिपाई मात्र 60 व्या.

बहुतेक वाद जन्मतारखेचे. पूर्वी शाळेत नाव घालताना सर्रास 1 जून लिहीत. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असल्यास आदल्या महिनाअखेरीस निवृत्ती, म्हणून 31 मे रोजी निरोप समारंभांची गर्दी. मुदतीपूर्वी सेवा संपवल्यास 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, पुढे, उदाहरणार्थ, दीपनगर (ता. भुसावळ) परिसरातील शिक्षकाला उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ गाठावे लागते, तिथवर जाण्याचा खर्च त्याला जड जातो. सेवेच्या अखेरीस जन्मतारीख-दुरुस्ती हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणात स्पष्ट केले. सेवापुस्तकातील नोंद शिक्षकाने रुजू होतानाच तपासावी.